शिवराक टेबल आणि कर्नेल्याचे घर

आषाढात म्हापशाजवळच्या एका चर्चच्या सभागृहात मराठीतून बायबल वाचण्याचा सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग सुरू झाला आणि श्रावणात संपला. विषय दुहेरी होता: देवाने ज्यांना निवडले ती अनपेक्षित माणसे, आणि पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळीत काय खावे व कोणाबरोबर खावे यावरून उठलेला वाद. शुल्क सहाशे रुपये होते, त्यात छापील टिपणवही आणि मधल्या वेळेचा चहा-फराळ धरलेला होता. मी डिचोलीची, हिंदू घरातली, निवृत्त मराठी शिक्षिका आहे. फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली रायतूर येथे छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ मी वर्गात मराठी भाषेचा ठेवा म्हणून अनेक वर्षे शिकवले, पण ज्या मूळ कथांवर ते उभे आहे त्या कथा कधी नीट वाचल्या नव्हत्या. ही उणीव भरून काढावी एवढ्याच हेतूने मी नाव नोंदवले. या वर्गाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण गोव्यात मराठीतून असे काही शिकवले जाते हे पुष्कळांना ठाऊक नाही, आणि जे शिकवले गेले त्यातले काही फार उत्तम होते, तर काही सुधारायला हवे.

शिकवणारे फादर मूळचे वसईचे असल्यामुळे त्यांचे मराठी घरचे आहे, भाषांतरित नाही. एक उतारा दोन मराठी भाषांतरांतून शेजारी शेजारी वाचायचा, त्यातले एक बहुधा पंडिता रमाबाईंचे, १९२४ साली प्रसिद्ध झालेले, आणि जिथे शब्द वेगळा पडतो तिथे थांबायचे ही त्यांची रीत आहे. या थांबण्यातच वर्गाचे खरे मोल आहे.

पहिल्या दोन शनिवारी निवडीचा विषय झाला. शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी राजा शोधायला येतो तेव्हा सात मुलगे समोरून जातात आणि आठवा, दावीद, कोणाच्या लक्षातही नसतो, कारण तो मेंढरे राखायला गेलेला असतो. मोशे आपण जड जिभेचा असल्याचे सांगून माघार घेऊ पाहतो, गिदोन आपल्या घराण्यातला सर्वांत लहान म्हणून हात जोडतो, आमोस स्वतःला गुराखी आणि उंबराची फळे राखणारा म्हणवतो. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तामार, यरीहोची वेश्या राहाब, मवाबी रूथ आणि उरियाची बायको अशा चार स्त्रिया येतात, आणि वंशावळीची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी कोणी निवडली असती अशी त्यांतली एकही नाही. मत्तय स्वतः जकात वसूल करणारा होता. फादरांनी या सगळ्यांच्या आधी ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकाच्या सातव्या अध्यायातले एक वाक्य ठेवले: तुम्ही संख्येने अधिक होता म्हणून देवाने तुम्हांला निवडले नाही, तुम्ही तर सर्वांत थोडे होता. निवड हे बक्षीस नव्हे, ही गोष्ट त्यामुळे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाली. मात्र या दोन बैठका थोड्या धावत्या झाल्या. फिलिप्प या सुवार्तिकाला वाटेत भेटलेल्या कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, षंढाची कथा दहा मिनिटांत आटोपली याची मला हळहळ वाटली. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायाने अशा पुरुषाला मंडळीत प्रवेश नाकारला होता, यशयाच्या छपन्नाव्या अध्यायाने त्यालाच पुत्रकन्यांहून थोर नाव देण्याचे वचन दिले होते, आणि तो मनुष्य रथात बसून नेमका यशयाच वाचत होता. पाणी दिसताच तो विचारतो, माझा बाप्तिस्मा व्हायला आता काय हरकत आहे? या एका प्रश्नावर पूर्ण शनिवार देता आला असता.

तिसरा शनिवार मात्र मी विसरणार नाही. १ जूनपासूनची एकसष्ट दिवसांची मासेमारी बंदी नुकतीच उठली होती, श्रावण दोन दिवसांवर आला होता आणि त्यामुळे घरोघरी नुस्त्याची, म्हणजे मासळीची, घाई होती. फादरांनी प्रत्येकाला आठवडाभरात जे खाल्ले ते कागदावर लिहायला सांगितले आणि मग लेवीय पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचला. ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथ करतो तो प्राणी चालतो. उंट रवंथ करतो पण त्याचे खूर दुभंगलेले नाहीत म्हणून तो वर्ज्य, आणि डुकराचे खूर दुभंगलेले आहेत पण तो रवंथ करत नाही म्हणून तोही वर्ज्य. पाण्यातल्या जिवांपैकी पंख आणि खवले दोन्ही असतील तेच खायचे. आम्ही आपापल्या यादीवर काट मारू लागलो तेव्हा सुंगटे गेली, कुर्ल्या गेल्या, तिसऱ्या गेल्या, माणकी गेली, मोरी गेली, आणि बांगडे व तारले तेवढे उरले. वर्गातल्या ख्रिस्ती मंडळींचा ‘चोरीस’, म्हणजे डुकराच्या मांसाचे गोवेकरी सॉसेज, यादीतून गेला, पण आम्हा हिंदूंच्या ताटातही फारसे काही उरले नाही. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवायची सवय असलेल्या आम्हां सर्वांना एका परक्या नियमशास्त्रासमोर एकाच रांगेत उभे केले गेले, आणि शिकवण्याची ही युक्ती मी स्वतः शिक्षिका असताना मला सुचली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय वाचायला घेतला. येशूचा शिष्य पेत्र यापो गावी शिमोन नावाच्या चांभाराच्या घरी उतरलेला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडी कमावणारा असा असून मराठी भाषांतराने ‘चांभार’ हा शब्द वापरल्यामुळे आपल्या कानाला जे ऐकू येते ते इंग्रजी वाचणाऱ्याला ऐकू येणार नाही. मेलेल्या जनावराच्या स्पर्शाने यहुदी नियमानुसार विटाळ होत असे, आणि मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात कातडी कमावण्याची जागा वस्तीपासून पन्नास हात दूर असावी असे म्हटलेले आहे. शिमोनचे घर समुद्रकाठी होते असे कथा दोनदा सांगते, ते या कारणानेही असेल. म्हणजे आकाशातून चार कोपरे धरलेली चादर खाली येण्यापूर्वीच पेत्र एक उंबरठा ओलांडून बसलेला होता. भर दुपारी, भुकेलेला असताना, त्याला त्या चादरीत सर्व तऱ्हेचे चतुष्पाद, सरपटणारे जीव आणि पक्षी दिसतात आणि मारून खाण्याची आज्ञा होते. तो म्हणतो, नको प्रभू, निषिद्ध आणि अशुद्ध असे मी कधी खाल्लेले नाही. असे तीनदा घडते. तो गोंधळलेला असतानाच कर्नेल्य नावाच्या परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, रोमी अधिकाऱ्याची माणसे त्याला बोलवायला दारात येतात, आणि ज्या पेत्राने अजून काहीही खाल्लेले नाही तो प्रथम त्या परक्यांना आत घेऊन त्यांचा पाहुणचार करतो. दुसऱ्या दिवशी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या कैसरियाला तो निघतो आणि कर्नेल्याच्या घरात उभा राहून जे बोलतो त्यात प्राण्यांचा उल्लेखही नाही: कोणत्याही माणसाला निषिद्ध किंवा अशुद्ध म्हणू नये असे देवाने मला दाखवले आहे.

कर्नेल्य हा इटलिक पलटणीचा शताधिपती होता, म्हणजे देश ताब्यात ठेवणाऱ्या सैन्याचा अधिकारी. तो दानधर्म करणारा आणि प्रार्थना करणारा होता हे खरे, पण त्याची तलवार रोमची होती. वर्गातले एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांच्या घरातल्या माणसाने गोवा मुक्तीच्या लढ्यात तुरुंग पाहिला होता, उठून म्हणाले, “म्हणजे हा पाखलाच की.” पाखला म्हणजे गोव्याच्या बोलीत पोर्तुगीज गोरा. सभागृह क्षणभर शांत झाले. १९६१ पूर्वीचा पोर्तुगीज अंमलदार आपल्या घरी जेवायला बोलावतो आहे आणि देव म्हणतो आहे की जा, ही कल्पना केल्यावर पेत्राच्या पायांना किती जड वाटले असेल ते मला उमगले. यरुशलेमला परतल्यावर त्याच्यावर आरोप होतो तोही बाप्तिस्म्याचा नाही. तू बेसुंती, म्हणजे सुंता न झालेल्या परक्या, लोकांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, असा तो आरोप आहे.

इथे माझी आजी आठवल्याशिवाय राहिली नाही. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब होते. चवथीला आमच्याकडच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जात आणि नाताळात त्यांच्याकडून दोदोलाची वाटी येई. आजी ती हसतमुखाने घेई, त्यांच्या मुलांची चौकशी करी, आणि ती माणसे फाटकाबाहेर गेली की वाटी गोठ्याच्या कट्ट्यावर नेऊन ठेवी. केळी, नारळ, न शिजवलेले तांदूळ तिला चालत. तिच्या मनात द्वेष नव्हता हे मी शपथेवर सांगेन, आणि तरीही ती वाटी घरात येत नसे. सोवळे पदार्थाचे असते असे आपण म्हणतो, पण दोदोलात नारळ, गूळ आणि तांदूळच असतात, जे तिच्या स्वतःच्या कोठीतही होते. पेत्राचे ते वाक्य ऐकताना साठ वर्षांपूर्वीची ती वाटी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि मी बराच वेळ वहीत काही लिहू शकले नाही.

याच जागी माझा पहिला मोठा आक्षेप आहे. टिपणवहीत यहुदी आहारनियमांना ‘जाचक बंधने’ म्हटले आहे, आणि तो शब्द मला अन्यायाचा वाटतो. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात नव्वद वर्षांच्या एलाजार नावाच्या शास्त्र्याची कथा आहे. अंत्युख चौथा एपिफानेस या ग्रीक राजाच्या अमलात, इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास, त्याला डुकराचे मांस खाण्याची सक्ती होते. ओळखीचे अधिकारी त्याला सुचवतात की तुझे स्वतःचे शुद्ध मांस आण आणि डुकराचे खाल्ल्याचे नुसते भासव. तो तेही नाकारतो, कारण तरुण मुले आपल्याकडे पाहून फसतील अशी त्याला भीती असते, आणि तो मरण पत्करतो. पेत्राच्या ‘नको प्रभू’मागे अशी माणसे उभी आहेत. तो हट्ट नव्हता, ती निष्ठा होती, आणि ती निष्ठा मान्य केल्याशिवाय पेत्राला जे सोडावे लागले त्याची किंमत कळत नाही. टिपणवहीने एलाजारला अर्धी ओळ दिली आहे. मी हे फादरांना वर्गानंतर सांगितले तेव्हा त्यांनी ते मान्य करून पुढच्या शनिवारी सुरुवातीची पंधरा मिनिटे त्याच कथेला दिली. शिकवणाऱ्याने चूक ऐकून घेणे ही मी या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू मानते. छापील वहीतला शब्द मात्र तसाच आहे, आणि नव्या आवृत्तीत तो काढला पाहिजे.

दुसरा आक्षेप फराळाचा आहे. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी दोन टेबले मांडलेली असत. एकावर ‘शिवराक’, म्हणजे शाकाहारी, अशी पाटी आणि पातळभाजी-पाव, दुसऱ्यावर चोरीस-पाव. व्यवस्था करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, कोणाची अडचण होऊ नये एवढाच. पण परिणाम असा झाला की वर्गात मिसळून बसलेली माणसे अर्ध्या तासासाठी दोन टेबलांकडे वाटली जात, आणि मी तीन शनिवार शेजारी बसणाऱ्या ख्रिस्ती बाईंशी चहा पिताना एकदाही बोलले नाही. चौथ्या शनिवारी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय होता. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, पण यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर तो मागे सरू लागला, वेगळा राहू लागला. बाकीचे यहुदीही त्याच्यामागे गेले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा ओढला गेला, आणि हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने सर्वांसमोर पेत्राला तोंडावर सुनावले. चादर पाहिलेला, कर्नेल्याच्या घरी राहिलेला पेत्रच हा. पौलाने त्याच्यावर पदार्थ बदलल्याचा दोष ठेवलेला नाही, तो टेबलावरून उठल्याचा ठेवला आहे. हे वाचून आम्ही उठलो आणि सवयीने दोन टेबलांकडे निघालो. कोणीतरी मध्येच थांबले, मग सगळेच थांबले, आणि दोन तरुणांनी काही न बोलता टेबले उचलून एकमेकांना जोडली.

पाचव्या शनिवारी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय होते. करिंथच्या बाजारात विकले जाणारे मांस मूर्तीपुढे बळी दिलेल्या जनावराचे असू शकत होते. ते खावे की नाही यावर पौलाचे उत्तर असे की मूर्ती काही नाही हे ज्ञान खरे, पण त्या ज्ञानाने दुर्बळ भाऊ ठेचकाळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. रोममध्ये केवळ भाजीपाला खाणाऱ्याला त्याने ‘दुर्बळ’ म्हटले, आणि खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये असे दोन्हीकडे सांगितले. फादरांनी इथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले ते अगदी योग्य होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, आणि तिथल्या काहींना तो जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटला. रोमच्या त्या अध्यायाच्या प्रकाशात पाहिले तर चूक रमाबाईंची नव्हती.

पण मग तेच वयोवृद्ध गृहस्थ नव्हे, दुसरे एक ख्रिस्ती सद्गृहस्थ बोलले, आणि वर्गातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते त्यांनी सांगितली. नोकरीच्या काळात गोव्याबाहेरच्या एका कचेरीत त्यांना डबा उघडताना दरवेळी पाठमोरे बसावे लागे, कारण सहकाऱ्यांना वास चालत नसे. पौलाने भाजी खाणाऱ्याला दुर्बळ म्हटले, पण आपल्या देशात दुर्बळ कोण, असे त्यांनी विचारले. भाजी खाणारा माणूस जिथे घर भाड्याने देणारा, नोकरी देणारा आणि नियम ठरवणारा असतो, तिथे त्याच्यासाठी मी माझे ताट बाजूला ठेवणे हे प्रेम की धाक? हा प्रश्न रोमच्या अध्यायात नाही, कारण तिथली उतरंड वेगळी होती. फादरांनी घाईने उत्तर दिले नाही. पौल ज्याला बळ आहे त्याला मागे सरायला सांगतो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी बळ कोणाकडे आहे हे आधी पाहावे लागेल, एवढे ते म्हणाले आणि वर्ग तिथेच सोडला. घरी जाताना बसमध्ये मी आजीच्या गोठ्याकडच्या कट्ट्याचाच विचार करत होते.

सहावी बैठक मात्र फार कोंबलेली होती. इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांवर नियमशास्त्राचे ओझे न लादता मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहायला सांगितले. पहिल्या मंडळीने हा रक्ताचा नियम गंभीरपणे पाळला. १७७ साली आजच्या फ्रान्समधल्या ल्यों येथे छळ चालू असताना, ख्रिस्ती लोक मुले खातात या आरोपावर बिब्लिस नावाच्या स्त्रीने विचारले की ज्यांना मुक्या जनावराचेही रक्त खाण्याची परवानगी नाही ते मुलांना कसे खातील. तेर्तुल्यन हा आरंभीचा ख्रिस्ती लेखक सांगतो की ख्रिस्ती कोण हे ओळखण्यासाठी त्यांच्यापुढे रक्ताने भरलेल्या आतड्यांचे पदार्थ ठेवले जात. धर्मपंडित ऑगस्टीनच्या काळापर्यंत, म्हणजे पाचव्या शतकाच्या आरंभापर्यंत, पश्चिमेत हा नियम पाळणाऱ्याला लोक हसू लागले होते, आणि १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने त्याचे कारण संपल्याचे जाहीर केले. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत मात्र आजही डुकराचे मांस वर्ज्य आहे. सोरपोतेल या गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या पदार्थात परंपरेने डुकराचे रक्त घालतात, हे सांगताना एका बाईंनी या प्रदीर्घ इतिहासाशी आपल्या स्वयंपाकघराचा असा सांधा कधी जोडला नव्हता असे प्रांजळपणे म्हटले.

याच दिवशी फादरांनी स्वतःहून जो विषय काढला त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ज्या धर्माच्या आरंभी ‘अन्नावरून माणसाला अशुद्ध म्हणू नका’ असे ठरले, त्याच धर्माच्या नावाने इथे १५६० पासून चाललेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाने, माणसांना त्यांच्या ताटावरून ओळखले. पोर्तुगालात डुक्कर किंवा बिनखवल्याचा मासा न खाणे हे यहुदी असल्याचा पुरावा ठरे, आणि १७३६ च्या गोव्यातील फर्मानाने तर हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवण्यासही ख्रिस्ती झालेल्यांना मनाई केली. पणजीत ज्यांच्या नावाची बाग आहे ते वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच यहुदी वंशाच्या ‘नव्या ख्रिस्ती’ घराण्यातले होते. त्यांची बहीण १५६९ साली जाळली गेली, आणि १५८० साली खुद्द त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. या भागाला वीस मिनिटे मिळाली. त्याला स्वतंत्र बैठक हवी होती, आणि त्यासाठी वर्ग सात-आठ शनिवारांचा करावा लागला तरी चालेल, शुल्क वाढले तरी चालेल.

शेवटी सर्वांचे जेवण झाले. श्रावण असल्यामुळे आयोजकांनी आठवडाभर आधी प्रत्येकाला काय चालते ते विचारले होते आणि कांदा-लसणाशिवायचे, तिरफळ घातलेले खतखते, भात व सोलकढी असा एकच बेत ठेवला होता. पंगत एकच होती. डबा पाठमोरे उघडणारे ते सद्गृहस्थ माझ्या उजवीकडे बसले होते आणि मी त्यांना विचारले की हे तुम्हांला पुन्हा मागे सरणे वाटते का. त्यांनी थोडा विचार करून सांगितले की मला विचारले गेले होते, म्हणून नाही वाटत.

सोयींविषयी थोडे: सभागृहात ध्वनिवर्धक नव्हता आणि पाऊस पत्र्यावर पडू लागला की मागच्या तीन रांगांना ऐकू येत नसे. जिना उंच आहे, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी लवकर येऊन कठड्याच्या बाजूने चढावे. बायबल जवळ नसले तरी अडत नाही, प्रती मिळतात. धर्मांतराचा विषय सहा आठवड्यांत एकदाही निघाला नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण मी जाऊ लागले तेव्हा घरातून तोच प्रश्न आला होता.

रूथच्या ग्रंथावरचा पुढचा वर्ग नाताळानंतर भरणार आहे. मी नाव दिले आहे, आणि अभिप्रायाच्या कागदावर तीन गोष्टी लिहून आले आहे: वहीतला ‘जाचक’ हा शब्द बदलावा, ध्वनिवर्धक आणावा, आणि फराळाचे टेबल पहिल्या दिवसापासून एकच असावे, त्यावर दोन्ही पदार्थ ठेवले तरी हरकत नाही.